कानाचा पेपर

"डावी बाजू बंद आहे," ती हात वर करून म्हणाली.

पर्यवेक्षिका बाईंनी खुर्चीवरूनच सांगितलं, "वायर नीट बसवून बघा."

तिने हेडफोनची वायर काढली, पुन्हा खोचली. उजव्या कानात बासरी वाजत होती. डाव्यात काहीच नाही. समोरच्या पडद्यावर प्रश्न होता : दोन सुरावटींपैकी कोणती आधी वर गेली? दुसरी सुरावट ऐकूच येत नव्हती, तर सांगणार काय, कपाळ?

संगीताच्या पदव्युत्तर वर्गासाठी सगळ्या महाविद्यालयांची मिळून ही एकच परीक्षा होती. आधी लेखी, मग कानाचा पेपर. दोन्हींतून तरलं, तरच वाद्य घेऊन परीक्षकांसमोर उभं राहायचं. ती तिथवर कधी पोचलीच नव्हती. लेखी ती हसत सोडवायची आणि कानाच्या पेपरात आपटायची. पहिल्या वर्षी डाव्या बाजूचा आवाज बारीक होता. ती गप्प बसली. दुसऱ्या वर्षी तो आणखी दबलेला निघाला. तेव्हा मात्र तिने तक्रार केली. उत्तर आलं, यंत्रात दोष नाही. आणि आज तर डावी बाजू ठार बंद. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती.

नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात ती व्हायोलिन वाजवायची. दिवसा मुलांना शिकवायची. लहानपणापासून वाद्य खांद्यावर, त्यामुळे डाव्या जबड्याखाली कायमचा घट्टा पडला होता. अलीकडे संचालक दोनदा म्हणाले होते, "जरा हळू. बाकीचे दबतात." तिला ते कौतुकच वाटलं होतं. घरी मात्र कुरकुर असायची. नवरा म्हणायचा, "शेजारी बसून चार हाका मारल्या तरी बाईसाहेबांचा मनात रियाज चालूच." सासूबाई म्हणायच्या, "त्यापेक्षा भिंतीशी बोलावं." तिचं उत्तर ठरलेलं असे. "परीक्षा होऊ द्या एकदा, मग ऐकते सगळ्यांचं."

"मला मशीन बदलून द्या," ती आता उठूनच उभी राहिली. पुढच्या रांगेतल्या मुलीने मागे वळून पाहिलं आणि हेडफोन कानांवर आणखी दाबून धरला.

बाईंनी तिला खिडकीजवळची रिकामी जागा दिली. तिने हेडफोन चढवला. बासरी उजवीकडे. डावीकडे तीच शांतता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने. तिने हेडफोन काढून टेबलावर आपटला.

खांद्यावर हात पडला तशी ती दचकली. बाई तिच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या.

"तिसऱ्यांदा विचारतेय," बाई म्हणाल्या. "काय झालं?"

"हाही बंद. डावीच बाजू. तीन वर्षं तुमच्या या भंगारापायी माझं वाटोळं होतंय. आम्ही वर्षभर घासायचं, आणि तुम्हाला दोन वायरी धड ठेवता येत नाहीत."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी हेडफोन उचलून स्वतःच्या कानांना लावला आणि थोडा वेळ ऐकलं.

"मला दोन्हीकडे येतंय."

"तुम्हाला येईल. तुम्हाला कुठे त्यातलं काही सोडवायचंय?"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. नजर तिच्या चेहऱ्यावरून जबड्याखालच्या घट्ट्यावर गेली आणि तिथेच थांबली. मग त्या खुर्चीला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आल्या. आवाज एकदम खाली आला होता.

"बसा. एकदाच बघू."

ती बसली. बाईंनी हेडफोन उलटा फिरवला आणि स्वतःच तिच्या डोक्यावर चढवला. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी वाटी डाव्या कानावर. मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा सुरू केला.

तिला एकदम सूर ऐकू आले. बासरी नव्हे, खर्जातलं तंतुवाद्य. इतका वेळ न सापडलेली ती दुसरी सुरावट उजव्या कानात लख्ख वाजत होती. बंद म्हणून जिच्या नावाने ती भांडत होती, त्याच वाटीतून. ती सुरावट हळूहळू वर चढत गेली, शेवटच्या सुरावर थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

बाईंनी उजव्या कानावरची वाटी जराशी वर उचलली आणि विचारलं, "आता कुठली बाजू बंद आहे?"

"उजवी" म्हणायला तिने तोंड उघडलं होतं.

"डावीच," ती म्हणाली.