काचेचं कॅबिनेट

"कॅबिनेट हेच पायजे," मेहेक म्हणाली आणि मोबाईलवरचा फोटो तिने तिसऱ्यांदा आईच्या नाकासमोर धरला.

शहरबानूचे हात कोळंबीने बरबटलेले होते. तिने मान तिरकी करून पाहिलं. भली मोठी काचेची पेटी आणि आत लग्नाच्या मांडवात असतात तसल्या रंगीत लायटी.

"यात मासे पाळायचे काय?"

"अम्मी! यात कॉम्प्युटर बसवायचा. सगळे पार्ट आत."

गेले सात महिने घरात दुसरा विषय नव्हता. मेहेकला गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा होता, तोही स्वतःच्या हाताने जोडलेला. तिने पार्ट निवडायचा आणि तिच्या अब्बांनी, सिराजुद्दीनने, कुवेतला तो विकत घ्यायचा. मग मुरूडकडचं जे कोणी सुट्टीवर निघेल त्याच्या बॅगेतून तो घरी यायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी किलो-दोन किलोची जागा ठेवायची, ही तिकडून येणाऱ्या सगळ्यांचीच रीत. प्रोसेसर हनीफचाचांच्या खिशातून आला. मदरबोर्ड ब्लँकेटच्या घडीत झोपून आला. ग्राफिक्स कार्ड तर पलीकडच्या आळीतल्या जावयाने विमानात तान्ह्या पोरासारखं मांडीवर घेऊन आणलं.

पार्ट निवडताना पोरीने कुठे उधळेपणा केला नव्हता. पनवेलला कॉम्प्युटर शिकणारा तिचा मावसभाऊ झियानही तिची यादी बघून मान डोलवायचा. आणि आता शेवटच्या पार्टाला, एका रिकाम्या पेटीपायी, हिचं डोकं फिरलं होतं.

"अगं, कॅबिनेट म्हंजे नुसता डबा," रविवारचा आलेला झियान कळवळून म्हणाला. "मुंबईत पायजे तेवढे मिळतात. मी मांडव्याच्या बोटीनं आनून देतो ना."

"न्हाय. मला हेच पायजे, आनि तिकडनंच."

शहरबानूने कोळंबीचं डोकं जरा जास्तच जोरात मोडलं. खरं तर तिचा राग पेटीवर नव्हताच. ब्लँकेटं आली, दुधाच्या पावडरीचे डबे आले, अत्तरं आली, आता पार्ट येत होते. चार वर्षं झाली, माणूस काही आला नव्हता. सिराजुद्दीन दर वर्षी सुट्टी कंपनीला विकून टाकायचा. कधी छपरासाठी, कधी मेहेकच्या कॉलेजसाठी. पहिली दोन वर्षं ईद जवळ आली की ती विचारायची, "येताय ना?" तो नुसता खाली बघायचा. मग तिने विचारणं सोडून दिलं. त्याला वाईट वाटायचं आणि तिला त्याहून वाईट. आता फोनवर फक्त सामानाच्या गोष्टी व्हायच्या. पोरीलाही बापाकडे वस्तूच मागायची सवय लागली, हे तिला सगळ्यात जास्त खुपत होतं.

संध्याकाळी नेहमीसारखा त्याचा व्हिडिओ कॉल आला. सिराजुद्दीन गोदामातच होता, मागे खोक्यांची थप्पी.

"बेटा, ती पेटी बघून आलो मी," तो हसत म्हणाला. "पन हे धूड पाठवू कुनाबरोबर? बारा किलो भरतंय, आनि खोका केवढा! दोन किलो कुनी पन आनील. आपलं अर्धं सामान हितं टाकून तुझी पेटी कोन आनील?"

"सकाळपासनं मी तेच सांगतेय," शहरबानू मागून म्हणाली. "कुनी आननार न्हाय. पन हिच्या डोक्यात शिरंल तर शपथ."

मेहेकने फोन दोन्ही हातांनी धरला. दिवसभराचा तिचा तोरा कुठल्या कुठे गेला होता.

"मला ठाव हाय कुनी आननार न्हाय," ती म्हणाली. "सात महिने शोधतेय, अब्बा. दुसऱ्या कुनाबरोबर पाठवता येनार न्हाय, असा येवढा एकच पार्ट मिळाला."

झियान उगाच खिडकीबाहेर बघायला लागला. शहरबानूला आपल्या पोरीची लाज वाटली नाही, स्वतःची वाटली. गेली दोन वर्षं जे विचारायचा धीर आपल्याला झाला नाही, ते या कालच्या पोरीने यादीत लिहून मागितलं होतं. ओले हात तसेच ओढणीला पुसत ती पुढे झाली आणि तिने मेहेकच्या गालाला गाल लावून आपलाही चेहरा पडद्यावर आणला.

"या हो," ती म्हणाली.

पलीकडे सिराजुद्दीनने डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली.

"बारा किलो म्हंजे," तो म्हणाला, "मला माझे कपडे कमी घ्यायला लागतील."