दोन उन्हांची गॅलरी

तळेगावच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये शिरल्याबरोबर आईने रुमाल नळाखाली भिजवला आणि गॅलरीच्या कठड्यावर पसरला. एजंटचं पाणी-पार्किंग सांगून होईपर्यंत तो वाळलासुद्धा.

"इथं कुरडया दोन उन्हांत वाळतील," ती लेकीला म्हणाली. "नाहीतर तुझं ते वाकड. समोरच्या बाईने फोडणी दिली की आपण शिंकायचं."

विभाची बदली हिंजवडीला झाली होती आणि वाकडहून ऑफिस हाकेच्या अंतरावर होतं. पण नातीला सांभाळायला आई बार्शी सोडून कायमची येणार होती.

"रोजचा प्रवास तुला आहे. पसंत आहे ना गं?"

"आहे," विभा म्हणाली. संध्याकाळी व्यवहार पक्का झाला. दुसऱ्या सकाळी आई उठलीच नाही.

आता मुलीची शाळा इथली, घर इथलं. विभा अंधार पडल्यावर पोचते. गॅलरीतलं ऊन तिला रविवारीच दिसतं. गावाविषयी कुरकुर करावी, तर आईलाच नावं ठेवल्यासारखं होतं.

आज रविवार. चहाचा कप हातात देत नवरा म्हणाला, "आईंनी जागा मात्र झकास निवडली." तिने नेहमीसारखी मान डोलावली. तो आत गेल्यावर तिने आपला रुमाल भिजवून कठड्यावर पसरला आणि तो वाळेपर्यंत तिथंच उभी राहिली.

"आई, मला हे गाव नव्हतं आवडलं," ती मग मोठ्याने म्हणाली. "तू येणार होतीस, म्हणून हो म्हटलं."