निरगाठ

छातीच्या पॅडच्या दोऱ्या पाठीवर असतात, स्वतःच्या स्वतःला बांधता येत नाहीत. म्हणून तायक्वांदोच्या क्लासला ती नवऱ्याच्या बांधायची, नवरा लेकीच्या आणि लेक तिच्या. ती मारायची ती साधी सुरगाठ.

स्पर्धा जवळ आली तसा नवरा एकटाच जादा सरावाला जायला लागला. घाईत पॅड डोक्यातून तसंच काढून आणायचा, आणि त्यावर पक्की निरगाठ असायची, टोकं नीट आत खोचलेली. एवढी टापटीप पुरुषाच्या हाताला नसते.

"कोण बांधतं रे तुझं पॅड?"

"असतं कुणीतरी," तो बूट काढता काढता म्हणाला. तिच्या मनात पाल चुकचुकली.

शेवटी तिने सासूबाईंजवळ मन मोकळं केलं. त्या म्हणाल्या, "लक्ष ठेव हो त्याच्यावर." पोराची बाजू न घेता त्या आपल्या बाजूने बोलल्या, याचंच तिला बरं वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी लेकीची मॅच चालू होती आणि नवराही तिथेच अडकला होता, म्हणून सुनेचं पॅड सासूबाईंनी बांधलं. मॅच संपवून तिने ते डोक्यातून उपसलं आणि बघतच राहिली. निरगाठ, टोकं आत खोचलेली.

ती गर्रकन वळली. सासूबाईंनी अंगावरचा लांब कोट काढला होता. आत पांढरा ड्रेस, कमरेला पांढरा पट्टा.

"‘या वयात कशाला’ म्हणाली असतीस, म्हणून बोलले नाही. चल, माझं पॅड बांध, पुढचा नंबर माझा आहे. आणि ती तुझी सुरगाठ नको."