मुखपृष्ठावरचा फोटो
केनार्डचा पहिला मोठा रॅप अल्बम निघणार होता. बालमैत्रीण म्हणून वेष्टनापासून त्याच्या नावाच्या अक्षरांपर्यंत सगळं मीच बनवलं. मुखपृष्ठासाठी त्याने पोलिसांनी अटकेनंतर काढलेला फोटो पुढे केला. खटल्यातून तो निर्दोष सुटला होता. तो फोटो मेम्फिसच्या वर्तमानपत्रांनी इंटरनेटवरून काढावा म्हणून त्याच्या आईने, लोरीनमावशींनी, तीन वर्षं उंबरे झिजवले होते. मी म्हणाले, "निदान आतल्या पानावर तू निर्दोष सुटल्याचं छापू." "वेडे जोनेल, निर्दोष माणसाचं रॅप कोण ऐकतं?" रविवारी चर्चहून आल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावर पहिली प्रत ठेवली. मावशींनी चष्मा लावून फोटो न्याहाळला. "हा कोणी निवडला?" "डिझाइन जोनेलचं आहे, आई," केनार्ड म्हणाला आणि मक्याच्या पावाला लोणी लावू लागला. मी काही बोलण्याआधीच मावशींनी माझ्यासमोरचं भरलेलं ताट उचललं. "लहानपणापासून माझ्या हातचं खाल्लंस, पोरी," त्या म्हणाल्या.