बिनधुराचा जाळ

माझ्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी आमच्या जंगलात जाळ करायला बंदी आली. हिरडा वेचायला गेलं की आम्ही भावंडं दोन-दोन दिवस रानात असायचो. धाकट्या चिंधूनं एकदा ओली लाकडं पेटवली. धूर पाहून जंगलखात्याचे गार्ड आले आणि त्यांनी त्याला काठीनं झोडपलं.

"आक्के, आता कच्चंच खायचं का?" त्यानं विचारलं.

मग मी त्याला शिकवलं. दोन खड्डे खणून आतून जोडायचे. एकात जाळ करायचा, दुसऱ्यातून त्याला वारा मिळतो. लाकूड खडखडीत वाळलेलं, अंगठ्याएवढं आणि साल काढलेलं घ्यायचं.

चिंधूनं करून पाहिलं. "दाजींची बिडी याहून जास्त धूर करते," तो म्हणाला.

पुढच्या पौषात तो रानात गेला, तो परतलाच नाही. गावानं शोधलं, गार्डांनीही शोधलं. चार दिवस आम्ही कड्यावर उभं राहून कुठं धूर दिसतो का ते पाहत होतो.

पाचव्या दिवशी दुपारी तो घळीत सापडला. पाय मोडून सुजला होता. शेजारी दोन खड्डे होते, सोललेल्या सालींचा ढीग होता. राख अजून कोमट होती.

"मावशी, यानं धूर केला असता तर आम्ही तासाभरात आलो असतो," गार्ड हळहळला.

"धूर केला की तुम्ही येता, हे त्याला ठाऊक होतं," मी म्हणाले.

माझा भाऊ चिंधू त्याच दिवशी सकाळी वारला. पौषातली अमावस्या होती.