ओल्या काटक्या

मुक्तानं पुन्हा चुलीत ओली काटकी सारली आणि सगळी खोप धुरानं भरून गेली.

"अगं भवाने, वाळलेल्या काय कमी हायत?" भिवराबाई खोकत म्हणाल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते त्यांनी पदरानं पुसलं. "रोजचंच झालंय तुझं. डोळे जातील माझे."

"चुकून गेली," मुक्ता म्हणाली. काटकी मात्र तिनं बाहेर ओढली नाही. आजीचे डोळे पुसून होईपर्यंत ती तिच्याकडे बघत बसली.

दिंद्रुडजवळच्या चारा छावणीत आजी आणि नात माघापासून राहत होत्या. गावात पाण्याचा टिपूस नव्हता. इथं सहकारी सोसायटीचा टँकर यायचा, गायीला आणि दोन बैलांना वैरण मिळायची. मुक्ता इथूनच शाळेत जायची.

मुक्ता खरं तर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली होती. तिला मध्येच एका ट्रकमध्ये बसवून आजीकडं धाडलं. आई दवाखान्यात आहे, बरी झाली की येईल, असं तिला सांगितलं होतं. पण तिची आई, गीता, आता कुठूनच येणार नव्हती. पोटात कळ उठली म्हणून तिचा नवरा शहादेव पहाटे जीप बघायला धावला. जीप घेऊन आला तेव्हा फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, बायको गार पडली होती आणि पोरगी वाकळंखाली झोपली होती.

"पोरीला काय बी ठाव न्हाई," जावई फोनवर रडत म्हणाला होता. "हंगाम सरला की येतो, तोवर सांगू नका, मामी. माझ्याच तोंडानं सांगतो."

म्हणून भिवराबाई रडल्या नाहीत. पोटची लेक गेली तरी रडायचं नाही, ही शिक्षा दुष्मनालाही होऊ नये. त्यातून एक गोष्ट त्यांना आतल्या आत जाळत होती. माणूस जाताना तोंडात घोटभर पाणी पडावं, एवढं तर कुणीही मागतं. गीताला ते द्यायला जवळ कुणी नव्हतं. टँकरखाली घागर लावली की भिवराबाईंना रोज तेच आठवायचं.

दुपारी सोसायटीचा सेक्रेटरी त्रिंबक छावणीत सांगत फिरला. सोसायटीचं गोदाम औंदा रिकामंच होतं, तिथं आज पिक्चर दाखवणार होते.

"भुताचा हाय, पर लेकराबाळांनी बघावा असला. शाळंत लई पसंत पडला पोरांना."

"आजी, आपून जायाचं," मुक्ता लगेच म्हणाली.

"रातच्याला भ्याशील."

"न्हाई भ्यायची. पर तू बी चल. तुझ्याबिगर मी न्हाई जाणार."

शेजारच्या खोपीतल्या चंद्रभागाबाईंनी हे ऐकलं. त्यांचा नवरा शहादेवच्याच टोळीत होता, त्यामुळं त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. त्या भिवराबाईंच्या कानाला लागल्या.

"कावून नेता पोरीला? त्यातलं भूत म्हंजी आईच हाय म्हनं एका पोरीची. आन् कोंबडं झाकल्यानं तांबडं फुटायचं ऱ्हातं व्हय?"

"तुमी तोंड झाका तुमचं," भिवराबाई म्हणाल्या. पण मुक्ता तोवर हात धरून ओढायला लागली होती.

गोदामाच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता. पोरं पुढं दाटीवाटीनं बसली. मुक्ता पुढं गेली नाही. रिकाम्या पोत्यांच्या ढिगामागं, भिंतीच्या कोपऱ्यात तिनं आजीला बसवलं. चंद्रभागाबाई जवळच टेकल्या, तसा भिवराबाईंचा जीव टांगणीला लागला. ही बाई आता काही बोलली तर?

पिक्चर सुरू झाला. एका घरात रोज भांडी वाजायची. मुक्तानं आजीचं मनगट घट्ट धरलं आणि मग रांजणावरचं झाकण धाडकन पडलं. पोरं किंचाळली, मागाहून हसली. घरच्यांनी मांत्रिक आणला, अंगारा फुंकला. भूत काही हटेना. शेवटी घरातल्या लहान पोरीलाच कळलं, की ती आपली आई आहे आणि ती कुणाला भिववायला येत नाही. ती तहानेली गेली होती. पोरीनं तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवला. "आई, पाणी पी आन् जा. मी जेवलेय," असं ती म्हणाली, आणि तांब्यातलं पाणी हळूहळू कमी होत गेलं.

गोदामातल्या बायांनी डोळ्याला पदर लावले. चंद्रभागाबाई तर हुंदके द्यायला लागल्या. भिवराबाईंनी दात आवळले आणि नातीकडं पाहिलं. आता ही विचारणार, माझी आई कुठाय म्हणून. काय सांगायचं? पण मुक्ताचे डोळे कोरडे होते, आणि ती पडद्याकडं बघतच नव्हती.

"चल," भिवराबाई कशाबशा उठायला लागल्या. "हितं लई धूर झालाय."

"हितं धूर न्हाई, आजी." मुक्तानं पदर धरून त्यांना खाली बसवलं. "हितं समद्याच रडत्यात. कुणी कुणाला इचारत न्हाई. तू बी रड. म्हनून तर आणलं तुला. मी बघितलाय ह्यो पिक्चर शाळंत."

भिवराबाईंना काही उमजेना. "काय बोलतीस तू, बाळा?"

मुक्ता त्यांच्या कानाशी आली.

"आई तहानेली न्हाई गेली, आजी. मी झोपले नव्हते. पाणी मीच पाजलं तिला."