मराठीत दोन शब्द

हेमचंद्रने मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डाचा स्क्रू काढला आणि कार्ड हळूच वर ओढलं. एवढ्या दणकट कार्डाची आता गरज नव्हती. फोटो सांभाळायला लढाया खेळाव्या लागत नाहीत.

"विकणार आहेस ते?" गॅरेजच्या दारातून त्याच्या बायकोने, चित्राने विचारलं. ती हॉस्पिटलची शिफ्ट संपवून आत्ताच आली होती.

"छे. नीट गुंडाळून ठेवतोय. विहानने मागितलं तर द्यायला."

"मागायला तो बोलतो कुठे तुझ्याशी?"

हेमचंद्र पंख्यावरची धूळ पुसत राहिला.

विहान बारावीत असताना टूवूंबा या ऑस्ट्रेलियन शहरातल्या या घरात हाच कॉम्प्युटर दिवसभर घोंघावत असे. एका संध्याकाळी त्याच्या टीमची फायनल चालू होती आणि बाप जेवायला हाका मारून दमला होता. शेवटी त्याने हाक मारणं सोडलं आणि सरळ बाहेर जाऊन मेन स्विच बंद केला. अंधारात विहानने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

पुढे तो गाडीने दोन दिवसांवरच्या क्लेटनला युनिव्हर्सिटीत गेला, कॉम्प्युटर इथंच टाकून. आईशी दर रविवारी बोलायचा. बापाच्या वाट्याला "ओके" आणि "आय्म गुड", तेही चित्राने फोन पुढे केला तरच. मराठी तर त्या संध्याकाळपासून बंदच.

हेमचंद्र माणूस वाईट नव्हता. पण पोराजवळ "चुकलो" म्हणायची रीत त्याच्या घराण्यातच नव्हती. म्हणून त्याने तोंडाऐवजी स्क्रूड्रायव्हर चालवायला घेतला होता.

"याचं नेमकं होणार काय?" चित्राने विचारलं.

"घरचा स्टोरेज सर्व्हर. आपले सगळे फोटो, व्हिडिओ एका जागी. मोठ्या डिस्क जोडीने टाकल्यात, एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. त्याच्या खोलीत लावून देतो, म्हणजे आपलं सगळं घर त्याच्यापाशी. आणि त्याच्या गेम्सना मी हातसुद्धा लावलेला नाही."

"बैल गेला नि झोपा केला," चित्रा म्हणाली. पण खुर्ची ओढून बसली.

दोघांनी जुने व्हिडिओ त्यात भरायला घेतले. एक पुण्याचा होता, विहान जेमतेम बोलायला लागलेला. प्रत्येक वाक्याच्या शेपटीला "ना". बाबा, उचल ना. बाबा, बघ ना. हेमचंद्रने तो पुन्हा लावला, मग आणखी एकदा.

"पुरे आता," चित्रा म्हणाली. पण तीही बघत राहिली.

रविवारी विहानशी बोलता बोलता तिने फोन नवऱ्याच्या हातात कोंबला. "घे. विचारून टाक. मी कुकर बघते."

"विहान," हेमचंद्र म्हणाला. "तुझा जुना कॉम्प्युटर होता ना, त्याचा मी सर्व्हर केलाय. या आठवड्यात ईस्टरच्या सुट्टीत तो घेऊन तिकडे येऊ का?"

बाकीचं समोर बसून बोलायचं होतं. फोनवर बोलण्यासारखं ते नव्हतं.

मग पलीकडून ते ऐकू आलं.

"ये ना."

पाठोपाठ घाईघाईने "गॉटा गो, बाय", आणि फोन बंद.

हेमचंद्र स्वयंपाकघरात अक्षरशः धावत गेला. "ये ना म्हणाला!"

चित्राने गॅस बारीक केला. "मराठीत?"

"मराठीत! लहानपणी म्हणायचा ना, तस्सं."

"थांब, मी मेसेज करून विचारते, कधी आलेलं चालेल ते."

"अजिबात नको. उगाच खोदून विचारलंस तर परत इंग्लिशमध्ये शिरेल तो."

चित्राने मेसेजचा नाद सोडला. इतक्या दिवसांनी खुललेला चेहरा कोण उतरवणार?

विमानात डिस्क आदळतील म्हणून हेमचंद्रने गाडीच काढली. चित्राला सुट्टी नव्हती, तिने चकल्यांचा डबा दिला. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर, वरून सीटबेल्ट. "नवरी निघाली सासरला," चित्राने चिडवलं. तोही हसला.

न्यूएल हायवेवर मैलोन् मैल कुणी नव्हतं. त्या एकांतात तो मोठ्याने म्हणून बघायचा, "विहान, मी चुकलो रे." आधी ते जड गेलं. वाटेतल्या डबोच्या मोटेलमध्ये मुक्कामाला पोचेपर्यंत जमायला लागलं. कॉम्प्युटर गाडीत राहू द्यायचा नाही म्हणून तो त्याने खोलीत नेला आणि शेजारी ठेवून झोपला. असा गाढ तो कैक महिन्यांत झोपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने क्लेटनच्या फ्लॅटची बेल कोपराने दाबली, कारण दोन्ही हात कॉम्प्युटरखाली अडकले होते. विहानने दार उघडलं. दाढी राखली होती त्याने.

"बाबा? व्हॉट आर यू डुइंग हिअर?"

"तूच बोलावलंस की!" हेमचंद्र हसत म्हणाला.

"नो. आय टोल्ड यू नॉट टू कम."

"असं कसं? येऊ का म्हणून विचारलं, तर म्हणालास, ये ना."

विहानने तेच दोन शब्द पुन्हा उच्चारले, सावकाश, हेमचंद्रच्या ऑफिसातली ऑस्ट्रेलियन माणसं आणखी कॉफी नको असली की म्हणतात तसे.

"येऽह, नाऽह," विहान म्हणाला. "दॅट्स इंग्लिश, बाबा."